नसणे आणि न सापडणे : कोलंबिया यानातल्या एका चकतीचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही श्रोत्यांनी विचारलं की, बिघडलेली हार्ड डिस्क आणि तिच्यातून परत मिळवलेल्या फायली हा इतिहासाचा विषय कसा काय? आणि आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने त्यावर का बोलावं? प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर असं की, 'हरवलं' हा शब्द आपण फार सैल वापरतो. एखादी वस्तू नाही, हे एक विधान झालं. ती सापडत नाही, हे दुसरं. या दोन विधानांतला फरक आपल्याकडच्या नैयायिकांनी आणि मीमांसकांनी शेकडो वर्षं घासून-पुसून लख्ख केला आहे. विसाव्या शतकात चुंबकीय चकती आली आणि तोच फरक घराघरात येऊन बसला. आणि २००३ साली अमेरिकेत एक दुर्घटना घडली, तिच्यात या फरकाला सात माणसांच्या प्राणांचं मोल आलं. आज आपण त्या घटनेकडे जायचं आहे. पण आधी थोडी चकतीची ओळख करून घेऊ.

१९५६ च्या सप्टेंबरात आयबीएम कंपनीने 'रॅमॅक' नावाचं यंत्र जगापुढे आणलं. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या चमूने ते घडवलं होतं. त्याच्या साठवणीच्या कपाटात एकावर एक अशा ५० चकत्या होत्या, प्रत्येकीचा व्यास २४ इंच, म्हणजे आपल्याकडची मोठी परात डोळ्यांपुढे आणा. वजन टनाहून जास्त. आणि एवढ्या सगळ्या पसाऱ्यात मावत किती होतं, तर सुमारे ५० लाख अक्षरं. आज मोबाइलवर काढलेला एक चांगला फोटो त्यात मावेलच असं नाही. तरीही ती क्रांती होती. त्याआधी माहिती फितीवर असायची. फितीवर मधलं काही हवं असेल तर आधीचं सगळं गुंडाळत जावं लागे. चकतीवर वाचणारा हात थेट हव्या त्या जागी जाऊ लागला. पोथी पहिल्या पानापासून वाचत जाणं आणि सूची बघून नेमकं पान उघडणं, यात जो फरक आहे तोच हा. १९८० पर्यंत हे तंत्र सव्वापाच इंचांच्या डब्यात आलं, टेबलावरच्या संगणकात बसलं, आणि पुढे वायर लावून कुठेही नेता येईल अशी बाहेरची हार्ड डिस्क झाली.

आता सूची हा शब्द लक्षात ठेवा, कारण सगळी गोम तिथे आहे.

चकतीवर फाइल लिहिली जाते तेव्हा दोन गोष्टी होतात. मजकूर चकतीच्या काही भागांवर उमटतो, आणि तो कुठे उमटला याची नोंद एका वेगळ्या कोष्टकात होते. तुम्ही फाइल पुसता तेव्हा बहुतेक वेळा मजकुराला कोणी हातही लावत नाही. जुन्या डॉस प्रणालीत तर काय होई, की सूचीतल्या नावाचं पहिलं अक्षर बदलून तिथे एक खूण ठेवली जाई, आणि कोष्टकात त्या जागा 'मोकळ्या' म्हणून दाखवल्या जात. बस्स. घरातला माणूस घरातच, फक्त दारावरची पाटी काढली. १९८२ मध्ये पीटर नॉर्टन यांनी 'नॉर्टन युटिलिटीज' नावाचा कार्यक्रमसंच बाजारात आणला. पुसलेली फाइल परत आणणं हे त्यातलं सर्वात गाजलेलं काम होतं. लोकांना ती जादू वाटली. जादू नव्हती, पाटी परत लावली होती.

बाहेरची हार्ड डिस्क 'करप्ट' झाली असं आपण म्हणतो, तेव्हाही पुष्कळदा हेच झालेलं असतं. लिहिणं चालू असताना वायर उपटली, वीज गेली, आणि कोष्टक अर्धवट राहिलं. मग संगणक विचारतो, ही चकती फॉरमॅट करायची का? त्याला सूची वाचता येत नाही, म्हणून त्याच्या लेखी चकती कोरी असते. पण मजकूर तिथेच असतो. तो जातो केव्हा? त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं, की जातो. किंवा चकतीचा पृष्ठभागच खरवडला गेला, की जातो. आजच्या चकतीत वाचणारं डोकं पृष्ठभागापासून काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. मधे धुळीचा कण आला तरी तो डोंगरासारखा. अशी चकती खटखट आवाज करत असेल आणि आपण पुन्हा पुन्हा चालू करून बघत राहिलो, तर शोधणाराच नाश करणारा ठरतो.

इथे नैयायिकांना बोलवू या. 'तर्कसंग्रह' ज्यांनी वाचला असेल त्यांना अभावाचे चार प्रकार आठवतील. घट घडण्यापूर्वी मातीत घटाचा जो अभाव असतो, तो प्रागभाव. त्याला सुरुवात नाही, पण शेवट आहे. घट फुटल्यावर जो अभाव येतो, तो प्रध्वंसाभाव. त्याला सुरुवात आहे, पण शेवट नाही, कारण तोच घट पुन्हा येत नाही. वायूत रूप कधीच नसतं, हा अत्यंताभाव. आणि घट म्हणजे पट नव्हे, हा अन्योन्याभाव. पण समजा, घट फुटलेला नाही, कोणी नुसता उचलून माजघरात नेला आहे, संध्याकाळी परत आणणार आहे. मग अंगणात आत्ता जो अभाव आहे, तो कुठला? या अडचणीपायी काही जणांनी 'सामयिकाभाव' असा आणखी एक प्रकार चर्चेला घेतला: काही काळापुरतं नसणं. आमच्या विद्यार्थ्यांना हे पूर्वी फार कोरडं वाटायचं. हल्ली संगणकाचं उदाहरण दिलं की लगेच कळतं. पुसलेली फाइल सामयिकाभावात आहे. तिच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं, की प्रध्वंसाभाव. फाइल परत मिळवणाऱ्या कारागिराचं पहिलं काम हेच, की आपण यातल्या कुठल्या अभावापुढे उभे आहोत, हे ओळखायचं.

आता कोलंबियाकडे जाऊ.

कोलंबिया हे अमेरिकेचं अंतराळात गेलेलं पहिलं स्पेस शटल. त्याचं पहिलं उड्डाण १२ एप्रिल १९८१ चं. १६ जानेवारी २००३ रोजी ते शेवटचं निघालं. आत सात अंतराळवीर. त्यात कर्नालच्या कल्पना चावला होत्या, इस्रायलचे पहिले अंतराळवीर इलान रमोन होते. सोळा दिवस प्रयोगच प्रयोग चालले. १ फेब्रुवारीच्या सकाळी परत येताना, उतरायला सुमारे सोळा मिनिटं उरली असताना, टेक्सासवर सुमारे ६० किलोमीटर उंचीवर यान तुटलं. सातही जण गेले.

त्यानंतर जे शोधकार्य झालं, ते इतिहासाच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावं असं आहे. सुमारे २५,००० माणसं टेक्सास आणि लुईझियानाच्या रानांतून, शेतांतून, तळ्यांतून ओळीने चालली. सुमारे ८४,००० तुकडे मिळाले, वजनाने यानाच्या जवळजवळ ३८ टक्के. या कामात हेलिकॉप्टर कोसळून आणखी दोघांचा मृत्यू झाला. म्हणजे हरवलेलं शोधण्याचीही किंमत होती, आणि ती दिली गेली. त्या तुकड्यांतून वाचता येणाऱ्या अशा तीन गोष्टी हाती आल्या, त्यांच्याबद्दल आज बोलू.

पहिली, एक चुंबकीय फीत. कोलंबिया पहिलं यान असल्याने त्यात चाचण्यांसाठी शेकडो संवेदक बसवलेले होते आणि त्यांच्या नोंदी एका पेटीत फितीवर होत असत. ही माहिती उड्डाण चालू असताना जमिनीवर येत नसे. १९ मार्च २००३ ला टेक्सासमधल्या हेम्फिल गावाजवळ ही पेटी आश्चर्य वाटावं इतक्या चांगल्या स्थितीत मिळाली. तज्ज्ञांनी फीत स्वच्छ केली, तिची प्रत काढली. तिने सांगितलं की वातावरणात प्रवेश केल्यावर सुमारे साडेचार मिनिटांतच डाव्या पंखाच्या पुढच्या कडेमागे काहीतरी बिघडू लागलं होतं. जमिनीवरच्या पडद्यांवर पहिली विपरीत खूण त्यानंतर तीन-साडेतीन मिनिटांनी दिसली होती. अपघाताचं मूळ नेमकं कुठे, हे ठरवण्यात या फितीचा वाटा मोठा आहे.

दुसरी, आपली चकती. यानाच्या मालकक्षात झेनॉन वायूवर एक प्रयोग होता. झेनॉन सुमारे १६.६ अंश सेल्सिअसला, ठरावीक दाबाखाली, अशा एका क्रांतिक बिंदूला पोचतो, की तिथे द्रव आणि वायू हा भेदच विरघळतो. त्या बिंदूजवळ तो इतका दबणारा होतो, की पृथ्वीवर स्वतःच्याच वजनाने खालचा थर दाट आणि वरचा विरळ होतो. म्हणून नीट मोजमाप करायचं तर वजनरहित अवस्थाच हवी. प्रश्न असा होता: रंग ढवळला की पातळ होतो, टोमॅटो सॉसची बाटली हलवली की सॉस वाहू लागतो, तसं झेनॉनसारख्या साध्या, एकेकट्या अणूंच्या द्रव्यातही होतं का? सिद्धांत म्हणत होता, क्रांतिक बिंदूच्या अगदी जवळ व्हायला हवं. निकेलची एक बारीक जाळी झेनॉनमध्ये हलवून शास्त्रज्ञ ते मोजत होते. काही माहिती उड्डाणातच जमिनीवर पोचली होती. पूर्ण नोंद होती ती सुमारे ४०० एमबीच्या एका सीगेट हार्ड डिस्कवर.

ती डिस्क अपघातानंतर सुमारे सहा महिन्यांनी सापडली. ती डिस्क आहे हेही ओळखू येत नव्हतं. धातूचे दोन जळके गोळे एकमेकांना चिकटल्यासारखी. ती मिनेसोटा राज्यातल्या क्रोल ऑनट्रॅक या कंपनीकडे गेली. जॉन एडवर्ड्स या अभियंत्याने ती उघडली. विद्युतपट्टी जळालेली, आवरणाची सीलबंदी गेलेली, आत माती. पण चकत्या वाकलेल्या नव्हत्या.  एडवर्ड्सनी चकत्या काढल्या, रसायनाने धुतल्या, नव्या कोऱ्या सांगाड्यात बसवल्या. दोन दिवसांत ९९ टक्के माहिती हाती आली.

हे केवळ नशीब होतं का? नशीब होतंच. पण नशिबाला काही कारणंही होती. डिस्क जुनी होती, त्यामुळे दणकट आणि कमी दाटीची. तिच्यावर डॉस प्रणाली होती, जी मजकूर सगळीकडे विखरून न टाकता एकापुढे एक लिहीत जाते. चकती सुमारे अर्धीच भरलेली होती, आणि जिथे पृष्ठभाग खराब झाला तिथे काही लिहिलेलंच नव्हतं. त्याच यानातल्या आणखी दोन डिस्कही तपासल्या गेल्या. त्यांच्यातून काही मिळालं नाही. म्हणजे तीन डिस्क, तीच आग, तेच आकाश; एकीत सामयिकाभाव आणि दोघींत प्रध्वंसाभाव. उघडून बघितल्याशिवाय बाहेरून हा भेद कळला नसता. झेनॉनच्या प्रयोगाचा निष्कर्ष २००८ साली 'फिजिकल रिव्ह्यू ई' या नियतकालिकात आला. सिद्धांताने सांगितलं होतं तसंच घडत होतं.

तिसरी गोष्ट कागदाची. इलान रमोन यांची रोजनिशी. अपघातानंतर सुमारे दोन महिन्यांनी तिची ३७ पानं टेक्सासच्या ओल्या जमिनीवर मिळाली. आगीतून आली, मग पावसात भिजली. इस्रायलमधल्या संग्रहालयाच्या आणि पोलिसांच्या तज्ज्ञांनी पानं सुटी केली, पुसट अक्षरं वाचली. २००८ मध्ये त्यांतली काही पानं जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये मांडली गेली. बाकीचा मजकूर खाजगी राहिला, आणि ते योग्यच झालं. परत मिळालेलं सगळं सर्वांनी वाचायचं असतं, असं नाही. फाइल परत आणता येते म्हणून ती उघडण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही, हे आजच्या काळात जरा ठासूनच सांगायला हवं.

इथवर ही गोष्ट तुम्हाला माणसाच्या चिकाटीची वाटली असेल. ती तशी आहेच. पण आमच्या मते या इतिहासाचा खरा गाभा अपघाताच्या आधीच्या सोळा दिवसांत आहे, आणि तिथेही प्रश्न नसण्याचा आणि न सापडण्याचाच होता.

उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. वजन पाऊण किलोच्या आसपास. दुसऱ्या दिवशी चित्रफिती तपासताना ते दिसलं. पण पंखाला इजा झाली की नाही, ते त्या चित्रांत दिसत नव्हतं. काही अभियंत्यांना काळजी वाटली. लष्कराच्या साधनांनी कक्षेतल्या यानाचे फोटो काढून घ्यावेत, अशा तीन विनंत्या झाल्या. एकही तडीस गेली नाही. फोमचे तुकडे पूर्वीही पडले होते, यानं परत आली होती. इजा दिसलेली नाही, तेव्हा धोक्याचं काही नसावं, असं मत वरच्या पातळीवर घट्ट होत गेलं. ऑगस्ट २००३ मध्ये चौकशी मंडळाचा अहवाल आला, त्याने या विचारपद्धतीवरच बोट ठेवलं. यान सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याऐवजी, ते असुरक्षित आहे हे सिद्ध करून दाखवा, असा भार अभियंत्यांवर पडला होता. त्याच वर्षी जुलैमध्ये टेक्सासमधल्या एका संशोधन संस्थेत तसाच फोमचा तुकडा पंखाच्या कडेच्या पट्ट्यावर झाडून बघितला. पट्ट्याला सुमारे ४० सेंटिमीटरचं भगदाड पडलं.

आता मीमांसक काय म्हणतात ते ऐका. कुमारिल भट्टांच्या परंपरेत 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानलं आहे. वस्तू दिसत नाही, यावरून ती नाही, असं ज्ञान होऊ शकतं. नैयायिक त्याला वेगळं प्रमाण मानत नाहीत, पण एक अट सर्वांनाच मान्य आहे: अनुपलब्धी 'योग्य' हवी. म्हणजे काय? तर, वस्तू तिथे असती तर मला दिसली असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात, डोळे उघडे ठेवून टेबलाकडे बघितलं आणि घट दिसला नाही, तर घट नाही म्हणायला हरकत नाही. अंधारात बघून 'घट नाही' म्हणालात तर ते ज्ञान नव्हे. बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी हेच फार नेमकं मांडलं आहे. त्यांच्याकडे उदाहरण येतं पिशाचाचं: जे स्वभावतःच दिसण्यासारखं नाही, ते दिसलं नाही म्हणून नाही, असं ठरत नाही. तिथे फार तर संशय उरतो.

कोलंबियाच्या बाबतीत इजेची अनुपलब्धी होती, पण ती योग्य नव्हती. इजा असती तरी त्या चित्रांत दिसली नसती. मग इजा नाही, असं म्हणण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. संशय तेवढा उरत होता, आणि संशय हे पुढे बघण्याचं कारण असतं, थांबण्याचं नव्हे. फोटो काढले असते तर सातजण वाचलेच असते, असा दावा आम्ही करणार नाही. सुटकेचे मार्ग फार अवघड होते. पण बघितलं असतं तर निदान खरं काय ते कळलं असतं.

आणि मग विरोधाभास बघा. सहा महिन्यांनंतर एका जळक्या गोळ्यासमोर बसलेल्या कारागिराने नेमकं उलट केलं. दिसायला ती डिस्क संपलेली होती. पण बाहेरून संपलेली दिसणं ही योग्य अनुपलब्धी नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याने उघडून, धुऊन, जिथे मजकूर असेल तर दिसेलच अशा परिस्थितीत नेऊन मग निर्णय दिला. बाकीच्या दोन डिस्कबद्दल 'नाही' म्हटलं गेलं, तेही तपासल्यानंतर. त्या 'नाही'ला वजन होतं.

व्याख्यानानंतर दरवेळी कोणीतरी विचारतं, सर, आमच्या डिस्कचं काय करायचं? तेव्हा आधीच सांगतो. डिस्क बिघडली की पहिली गोष्ट, तिच्यावर नवीन काही लिहू नका. फॉरमॅट करू का, या प्रश्नाला नाही म्हणा. आवाज करत असेल तर बंद करून ठेवा, जाणकाराकडे न्या. आवाज नसेल तर आधी सबंध डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा. 'डीडीरेस्क्यू'सारखी फुकट मिळणारी साधनं त्यासाठी आहेत. ती चांगले भाग आधी उचलतात आणि खराब भागांकडे नंतर वळतात. मग शोध त्या प्रतीत घ्या, मूळ डिस्कला पुन्हा हात लावू नका. परत मिळालेल्या फायली त्याच डिस्कवर साठवू नका. आणि हो, नव्या एसएसडी प्रकारात फाइल पुसली की संगणक बहुधा डिस्कला तसं कळवतो आणि ती त्या जागा स्वतःच साफ करू लागते. तिथे सामयिकाभावाची मुदत फार थोडी. म्हणून प्रत असावीच, आणि शक्यतो दुसऱ्या घरी.

शेवटी एवढंच. अभाव ओळखण्याची विद्या ही शोधण्याच्या विद्येइतकीच मोलाची आहे. काही गोष्टी खरोखर संपतात. कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी परत आले नाहीत, आणि तिथे कुठलंही तंत्र चालत नाही. तिथे प्रध्वंसाभाव हा शब्द उच्चारताना शिकवणाऱ्याचाही आवाज जड होतो. पण पुष्कळ गोष्टी आपण बघायच्या आधीच संपल्या म्हणून सोडून देतो: एखादी डिस्क, एखादं दफ्तर, कधीकधी एखादा संशयसुद्धा. 'नाही' म्हणण्यापूर्वी स्वतःला विचारावं, ते असतं तर मला इथून दिसलं असतं का?

  आता प्रश्न घेऊ.